कडूबाच्या दंडावरच्या पाच सुया

माझ्या मामाचं नाव कडूबा. त्याच्या आधीची दोन भावंडं वर्षाच्या आतच गेली, म्हणून आजीनं तिसऱ्याचं नाव मुद्दाम कडू ठेवलं. मरणानं चाखून बघितलं तरी थुंकून टाकावं, असा तिचा विचार. नाव कामी आलं, मामा ब्याऐंशी वर्षं जगला. पण नावाप्रमाणं कडू वागणं त्याला एक दिवससुद्धा जमलं नाही. समोरच्याला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. गारखेड्यात तेव्हा जेमतेम साठ-सत्तर घरं होती आणि त्या प्रत्येक घराला ही गोष्ट ठाऊक होती.

आज गारखेडा शहराच्या पोटात गेलाय. तिथल्या पोरांना सांगितलं की इथं ज्वारी उभी असायची, तर ती मोबाइलमधून मान वर काढून बघतात आणि परत खाली घालतात. मामाच्या वेळी ते शहराबाहेरचं गाव होतं. मामा उजाडायच्या आत घर सोडायचा, शेताच्या बांधांवरून चालत मोटार स्टँड गाठायचा आणि दिवसभर मोटारींच्या टपावर सामान चढवायचा. पेट्या, बोचकी, कोंबड्यांच्या पाट्या, एकदा तर पायांसकट आख्खा पलंग. एवढं करून संध्याकाळी घरी आला की दारात कुणीतरी उभं असायचंच. कडूबा, जरा म्हैस दवाखान्यात नेतो का? कडूबा, रॉकेलच्या रांगेत माझ्या जागी उभा राहतो का? एका शेजाऱ्याचं सासऱ्याशी वाजलं होतं. तर त्या बहाद्दरानं सासऱ्याची बोलणी खायला मामाला पाठवलं आणि मामा दोन तास ती खाऊन आला. वर म्हणाला, "म्हातारा मनानं वाईट नाय."

या सगळ्यात राहून जायचं ते घरच्यांचं. माझी आई, भागूबाई, ही त्याची एकुलती धाकटी बहीण. तिला खुलताबादजवळ दिली होती. नऊ वर्षं तिला मूल नव्हतं आणि त्याबद्दल सासरच्यांनी तिला काय काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही, ती माणसं आता राहिली नाहीत. नऊ वर्षांनी तिला दिवस गेले. डोहाळजेवणाला मामा आला नाही, कुणाची तरी म्हैस अडली होती. मी झालो, बारसं झालं. मामा आला नाही, गावातल्या नानासाहेबांच्या विहिरीत बादली पडली होती. बादली! आईनं हे मला इतक्या वेळा सांगितलंय की ती बादली मी ओळखू शकेन.

मग माझ्या जावळाची वेळ आली, तसा आईनं निरोप धाडला. नवस म्हैसमाळच्या गिरिजामातेला बोललेला, चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जावळ काढायचं ठरलेलं, आणि जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं. दुसऱ्या कुणाच्या नाही. निरोप असा होता, "दादाला म्हनावं, ऊन डोक्यावर यायच्या आत ये. खुलताबादच्या स्टँडवर गाडी जुंपून ठेवते. आता बी नाय आलास, तर मला भाऊ नाय असं मी समजीन." निरोप आणणारा म्हणाला की हे सांगताना ती रडत नव्हती. मामाला त्याचीच जास्त भीती वाटली.

हे सगळं पोलीस ॲक्शन होऊन आठ-नऊ वर्षं झाल्यानंतरचं. निजाम गेला, आम्ही हैदराबाद राज्यात होतो ते मुंबई राज्यात आलो, आणि मोटारीतल्या पाट्या मराठीत झाल्या. आधी पाटी उर्दूत असायची, तेव्हा लोक वाचता येत नाही म्हणून नियम मोडायचे. आता वाचून मोडायला लागले. त्यातली एक पाटी ड्रायव्हरच्या डोक्यावरच होती. 'संसर्गजन्य रोग जडलेल्या इसमास या वाहनातून प्रवास करण्याची सक्त मनाई आहे. असा इसम आढळल्यास वाहकाने त्यास उतरवून आरोग्य अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावे व वाहन निर्जंतुक केल्याशिवाय पुढे नेऊ नये.' मामाला ही पाटी तोंडपाठ होती. सामान चढवून झालं की तो खिडकीतून ती वाचत बसायचा, कारण वाचायला दुसरं काही नव्हतं.

त्या चैत्रात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भीती होती. सरकारनं जाहीर केलं की पटकीची लस टोचल्याची चिठ्ठी दाखवल्याशिवाय यात्रेच्या मोटारीचं तिकीट मिळणार नाही. मोटार स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, शहागंजात, आज जिथं क्रांती चौक आहे तिथं, अशी ठिकठिकाणी टेबलं लागली. टेबलावर एक कारकून, एक टोचणारा आणि एक स्टोव्ह. स्टोव्हवर पातेल्यात सुई उकळत असायची. ती सुई दाभणाएवढी होती असं गारखेड्यातल्या पुरुषांचं म्हणणं. बायका म्हणायच्या, नेहमीसारखीच होती.

गावाचे पुढारी नानासाहेब. शंभर एकर जमीन, पांढरा फेटा, त्यांच्या बोलण्यावर कुणी बोलायचं नाही. त्यांनी चावडीवर सगळ्यांना गोळा करून लस का घ्यावी यावर पाऊण तास भाषण केलं. "सरकार आता आपलं हाय, आपल्या भल्याचंच सांगणार," वगैरे. रात्री त्यांचा गडी मामाकडं आला. नानासाहेबांना सुईचं वावडं आहे, लहानपणापासून आहे, तर त्यांच्या नावानं तेवढी टोचून चिठ्ठी आणावी. दुसऱ्या दिवशी सांडू आला. सांडू म्हणजे तालमीतला गडी, ज्वारीचं पोतं दातात धरून उचलायचा. तो मामाच्या ओट्यावर बसला आणि लाजत म्हणाला, "कडूबा, मला ते सुई आत जाताना बगवत नाय रे." त्याच्यामागून आणखी दोघे आले. त्यातल्या एकाचं रक्त पातळ होतं म्हणे, दुसऱ्यानं कारणसुद्धा सांगितलं नाही.

मामानं स्वतःची सुई कामावरच, मोटार स्टँडच्या टेबलावर घेतली होती. मग तीन दिवसांत त्यानं उरलेली टेबलं पालथी घातली आणि चौघांच्या नावानं चार सुया घेतल्या. उजवा हात सामान उचलायचा, म्हणून पाचही डाव्याच दंडात. शहागंजात टोचणाऱ्यानं विचारलं, "हे आधीचे लाल ठिपके कसले?" मामा म्हणाला, "मच्छर." स्टेशनवर फाटक्या बंडीतल्या या माणसानं आपलं नाव नानासाहेब सांगितलं तेव्हा कारकुनानं एकदा डोळे वर केले. पण त्याला नावं लिहायची होती, कपडे तपासायचे नव्हते. त्यानं लिहिलं.

बायकांची मात्र ही सोय होऊ शकत नव्हती. मामा कितीही भिडस्त असला तरी टेबलावर जाऊन 'मी वच्छलाबाई' असं त्याला म्हणता येणार नव्हतं. त्यामुळं गारखेड्याच्या झाडून सगळ्या बाया पदर खोचून गेल्या, टोचून आल्या आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसल्या. कुणाच्या चिठ्ठ्या कुणाच्या दंडातून आल्यात हे त्यांना पक्कं माहीत होतं. वच्छलाबाई म्हणजे मामाच्या भिंतीला भिंत लागून राहणारी विधवा शेजारीण, तोंडानं फटकळ. पुढचं मी सांगतोय ते बहुतेक तिच्याच तोंडून ऐकलेलं.

यात्रेच्या दिवशी पहाटे मामाच्या अंगात सणकून ताप होता. दंड भोपळ्यासारखा सुजलेला. तरी त्यानं नवं धोतर नेसलं, माझ्यासाठी घेतलेलं झबलं आणि टोपडं काखोटीला मारलं आणि निघाला. मोटार गच्च भरली होती. पुढच्या बाकावर नानासाहेब, मागं सांडू आणि ते दोघे, बाकी बाया. मामा शेवटच्या बाकावर, वच्छलाबाईच्या शेजारी, घोंगडी लपेटून. चैत्रात घोंगडी! वच्छलाबाई म्हणाली, "घरी पडून ऱ्हा की रं." मामा म्हणाला, "मावशे, आज नाय गेलो तर बहीण गेली माझी."

पडेगावच्या नाक्यावर मोटार थांबली. तिथं चिठ्ठ्या तपासायला आरोग्य खात्याचे व्यंकटराव बसले होते. बारीक अंगाचे, सोनेरी काड्यांचा चष्मा, नियमाचं पुस्तक पंचांगाइतक्याच भक्तिभावानं छातीशी धरलेलं. एकेकाची चिठ्ठी बघत ते शेवटच्या बाकाशी आले आणि घोंगडी बघून थबकले.

"ताप आहे?"

"थोडा हाय, साहेब. सुईचा."

"एका सुईनं असा ताप येत नाही. घोंगडी काढा."

त्यांनी दंड पाहिला. मग काखेत बोटं घालून चाचपलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. काखेत गाठ होती.

प्लेगची आठवण असलेली माणसं तेव्हा गावोगावी होती. काखेत गाठ म्हटल्यावर मोटार जी रिकामी झाली, ती दारातून कमी आणि खिडक्यांतून जास्त. मामाला खाली उतरवून नाक्याच्या पत्र्याच्या छपरात बसवलं. कंडक्टरनं फिनेलचा डबा काढला. व्यंकटरावांनी पुस्तक उघडून सांगितलं की संशयित इसमाला डॉक्टर येईपर्यंत इथंच ठेवावं लागेल, डॉक्टर शहरातून संध्याकाळपर्यंत येतील, बाकीच्यांनी मागून येणाऱ्या दुसऱ्या यात्रा-मोटारीनं जावं.

मामा हात जोडून एवढंच म्हणाला, "साहेब, मला जाऊ द्या. भाच्याचं जावळ हाय. मामा मीच हाय, दुसरा नाय."

खरं सांगून टाकलं असतं तर तो एका वाक्यात सुटला असता. पण मग चार माणसांच्या चिठ्ठ्या खोट्या ठरल्या असत्या, आणि मामानं त्या चौघांना शब्द दिला होता. एकीकडं बहीण आणि दुसरीकडं दिलेला शब्द. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो ते मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. मामा छपरात बसून राहिला. ऊन चढत होतं. आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा मला त्याचा राग येतो.

दुसरी मोटार आली. लोक चढायला लागले. नानासाहेब फेटा सारखा करत दाराकडं निघाले. सांडूचा एक पाय पायरीवर होता. ते दोघे तर केव्हाच आत जाऊन बसले होते. वच्छलाबाई मात्र छपरासमोर जमिनीवर बसकण मारून बसली आणि मोठ्यानं बोलली.

"ओ साहेब! गाठ नाय न् प्लेग नाय. त्याच्या दंडावरची भोकं मोजा."

व्यंकटराव लांबूनच वाकले. मग जवळ आले. त्यांनी चष्मा पुसून मोजलं. पाच.

"हे काय आहे?"

"एक त्याचं सोताचं. बाकीची चार कुणाची हायेत ते ज्याचं त्याला ठावं. मी नाव घेनार नाय. माझा दंड बगा, टोचलेला हाय. गारखेड्याच्या समद्या बायांचे बगा. मंग गड्यांचे बगा."

व्यंकटराव काही दुष्ट नव्हते. ते मामाकडं बघून म्हणाले, "असं असेल तर हा सुईचाच ताप, आणि गाठही सुईचीच. पण हे मी कशाच्या आधारावर लिहू? ज्यांच्या नावाच्या सुया यानं घेतल्या त्यांनी समोर यायला हवं. नाहीतर याला मी सोडू शकत नाही. उद्या गाठ खरी निघाली तर माणसं मरतील." मग थोडं थांबून, "आणि आधीच सांगतो. खोटी चिठ्ठी निघाली त्याला इथं टोचून घ्यावं लागेल, आणि आज यात्रेला जाता येणार नाही."

दुसऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. वच्छलाबाई सांगायची, सगळे गडी असे आभाळाकडं बघत होते जसं काही तिथून कुणी उतरणार आहे. मामानं मान खाली घातली आणि हातातलं झबलं उलगडून परत घडी केलं.

मग नानासाहेब माघारी फिरले. छपरापर्यंत आले. त्यांनी सदऱ्याच्या बाहीचं चांदीचं बटण काढलं, बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि आपला गोरा, जाडजूड, कोरा दंड व्यंकटरावांसमोर धरला. आख्खी यात्रा बघत होती. पाऊण तास भाषण करणारा माणूस त्या दिवशी तीनच शब्द बोलला, "माझा कोरा हाय."

त्यांच्यामागून सांडू आला. ते दोघेही मोटारीतून उतरले, जरा ढकलावं लागलं म्हणतात, आणि ढकलणाऱ्या त्यांच्या बायकाच होत्या. सुई बघताच सांडू तिथंच आडवा झाला आणि त्याला पाणी मारून उठवावं लागलं. टोचताना त्यानं नानासाहेबांचा हात धरला होता, नानासाहेबांनी धरू दिला. दोघांनीही डोळे मिटले होते असं वच्छलाबाई शपथेवर सांगायची.

व्यंकटरावांनी वहीत मामाचं नाव लिहिलं, 'रोग' या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि 'तापाचे कारण' या रकान्यात 'शेजारी' असं लिहून सही ठोकली. ती वही मी पाहिलेली नाही. पण वच्छलाबाईला वाचता येत नव्हतं आणि तरी तिला तो शब्द ठाऊक होता, म्हणजे साहेबांनी तो मोठ्यानं वाचला असणार.

चौघे नाक्यावर राहिले आणि मोटार बायांना आणि मामाला घेऊन सुटली. खुलताबादला आईची बैलगाडी होती. म्हैसमाळचा चढ चढेपर्यंत ऊन डोक्यावर येऊन पलीकडं कलायला लागलं होतं.

देवळासमोर आईच्या सासरच्या माणसांची तोंडं वाकडी झाली होती. न्हावी दोनदा उठून गेला होता. वडिलांच्या एका मावसभावाला मामा म्हणून पाटावर बसवायचं ठरलंसुद्धा होतं, तो मांडी ठोकून तयार. अडत होतं ते एकाच ठिकाणी. आई मला देत नव्हती. सकाळपासून उन्हात मला पोटाशी धरून ती बसली होती आणि जो येईल त्याला सांगत होती, "माझा भाऊ येतोय." सासू म्हणाली, कधी आलाय का तो? आई म्हणाली, "येतोय." मीही तिथं होतो, पण माझी साक्ष कुणी काढली नाही.

मामा आला. घामानं थबथबलेला, तापानं डोळे लाल. आईला बघून म्हणाला, "मोटारीला जरा उशीर झाला."

आईनं त्याच्यासाठी तीन वर्षांचं बोलणं साठवून ठेवलं होतं. ती तोंड उघडणार तोच वच्छलाबाई मधे पडली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली, सुया, गाठ, नाका, नानासाहेबांचं चांदीचं बटण, सगळं. आई ऐकत राहिली. मग तिनं मामाच्या अंगावरची घोंगडी बाजूला केली आणि तो दंड पाहिला.

शेवटी तिनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं. डाव्या हातानं मला धरता येत नव्हतं, म्हणून त्याचा हात उचलून तिनंच माझ्याभोवती घातला आणि आपला हात त्याच्यावर धरला.

"दादा," ती म्हणाली, "लोकायच्या वाट्याच्या सुया घेतल्यास, घे. पन माझ्या वाट्याला थोडा तरी भाऊ उरू दे."

मामा रडायला लागला. मी त्याच्या आधीपासूनच रडत होतो, वस्तरा बघून.